पाणीपट्टीची माफी

पंचायतीच्या शिपायाने आमचा हंडा उचलला तेव्हा तो भरलेला होता. आयने नुकताच डोक्यावरून उतरवला होता. चुंबळ अजून तिच्या हातात होती. शिपायाने हंडा आडवा केला, सगळं पाणी अंगणात ओतलं आणि रिकामा हंडा टेम्पोत फेकला.

"पाणीपट्टी थकली हाय," तो म्हणाला. "जप्ती हाय."

"भाऊ, पानी तरी ठेव," आय म्हणाली.

"कशात ठेवू? तुझ्या हातात?"

टेम्पोवाला हसला. 

त्या सकाळी वाडीतल्या सगळ्या घरांमधले हंडे आणि कळश्या गेल्या. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी, पेणच्या बाजारातून एकेक करून आणलेली. आमच्या झोपड्यांत जप्त करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. बा दारात उभा होता. बाचं नाव हिरू. वय पन्नाशीच्या पुढे. शिपाई माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा असेल. तो म्हणाला, "हिऱ्या, सरक." बा सरकला.

मला शिपायापेक्षा बाचा जास्त राग आला. हे मी लपवत नाही.

आमची वाडी कातकऱ्यांची. पेण तालुक्यात, डोंगराच्या उतारावर. खालच्या गावात पंचायतीची नळयोजना होती, पण ती वाडीपर्यंत कधी आली नाही. चढावर पाणी चढत नाही, असं सांगायचे. मग एका वर्षी वीटभट्टीवरून परत आल्यावर वाडीने ठरवलं की वरच्या झऱ्याचं पाणी आपणच आणायचं. पेणच्या एका संस्थेने सिमेंट आणि पाइप दिले. बाकी सगळं आम्ही केलं. दगड फोडले, चर खणला. बायकांनी रेती डोक्यावरून वर नेली, मी पण नेली. पावसाच्या आधी टाकी उभी राहिली. टाकीला दोन नळ. सगळी वाडी त्यावर भरायची.

पाणी आलं त्या दिवशी सरपंच आला. आम्ही बोलावलं नव्हतं. त्याने नारळ फोडला, आणि आठ दिवसांत टाकीवर त्याच्या नावाची पाटी लागली. पाटी लागली म्हणजे योजना पंचायतीची झाली. पंचायतीची झाली म्हणून वाडीवर पट्टी बसली. पाइप फुटला तर जोडायचा आम्ही, टाकी धुवायची आम्ही. दिवाळीनंतर सगळी वाडी भट्टीवर जायची, सहा महिने घरांची दारं काट्या लावून बंद. तरी पट्टी वर्षाची.

हंडे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी बा मला घेऊन पंचायतीत गेला. रोह्याजवळच्या अष्टमी गावात मावशीकडे राहून मी नववीपर्यंत शिकले होते. वाडीत वाचता येणारी मी एकटीच. चपला बाहेर काढल्या. आत सरपंच, ग्रामसेवक आणि एक सदस्य. सदस्य म्हणजे खरं तर सदस्याचा नवरा. बायकांना जागा राखीव झाल्या होत्या, बाई निवडून आली होती. ती घरी आणि खुर्चीत हा. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बस असं कोणी म्हटलं नाही. बा जमिनीवर बसला. मीही बसले.

ग्रामसेवक बाहेरगावचा होता. तो हळूच म्हणाला, "लहान योजना आहे, सरपंच. लोकांनी स्वतः बांधलेली. ठराव केला तर पट्टीत सूट देता येईल."

"देऊ की," सरपंच म्हणाला. "आमी काय राक्षस हाव? पण माफी अशी भेटत नाय. मागायला लागते." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू शिकलीस ना गो? घे कागद. मी सांगतो तसा अर्ज लिही."

मी कागद मांडीवर घेतला. तो सांगू लागला.

"आम्ही वाडीचे लोक अडाणी आहोत."

मी लिहिलं. माझ्या अक्षरात, नीट, शिरोरेघ ओढून लिहिलं.

"दारूपायी आमची पट्टी थकली. आमची चूक झाली. साहेबांनी दया करून माफी द्यावी."

माझं पेन थांबलं.

बा दारू पितो. खोटं कशाला बोलू. सरपंचाचा भाऊपण पितो, पण त्याला कोणी ते कागदावर लिहायला सांगत नाही. आणि पट्टी दारूपायी थकली नव्हती. जे पाणी आम्ही आमच्या पाठीवर आणलं, त्याचे पैसे कोणाला आणि का द्यायचे, हे आम्हांला कळत नव्हतं म्हणून थकली होती.

"काय झालं? हात दुखला?" सरपंच म्हणाला.

बाने हात जोडले. सरपंचाला नाही, मला. "लिही गो बाय. हंडे भेटतील."

माझ्या बाने माझ्यापुढे हात जोडले. त्या खोलीत, त्या तिघांच्या समोर. माझ्या आत काहीतरी तुटलं ते तिथे. हंडा ओतला तेव्हा नाही.

जप्तीच्या वेळी शिपायाने दिलेली आमची पावती माझ्याजवळ होती. ती मी पुन्हा वाचली आणि म्हणाले, "हितं खास पाणीपट्टी लिवलंय. घरात नळ असला तर खास पट्टी लागते ना? आमच्या कोणाच्याच घरात नळ नाय."

सदस्याचा नवरा हसला. "कातोड्याची पोर कायदा शिकवते बघा."

सरपंचही हसला. ग्रामसेवकाला म्हणाला, "द्या तिला ते रजिस्टर. बघू तरी काय वाचते."

त्याला वाटलं मी घाबरेन. रजिस्टर मोठं होतं. मांडीवर मावेना, म्हणून मी उठले आणि ते टेबलावर ठेवलं. मग मी उभ्यानेच वाचायला लागले. मोठ्याने. बाचं नाव, पुढे 'घरगुती नळ'. आमच्या शेजारणीचं नाव, 'घरगुती नळ'. वाडीतलं एकेक घर, कुडाच्या भिंतींचं, आणि प्रत्येकापुढे 'घरगुती नळ'. मी पानं उलटत गेले. मग सरपंचाच्या भावाचं नाव आलं. त्याचा रस्त्यालगतचा बंगला मला माहीत होता, आयने तिथे धुणीभांडी केली होती. मोरीत नळ, स्वयंपाकघरात नळ, नारळांच्या बागेला वेगळा नळ. त्याच्या नावापुढे लिहिलं होतं, 'सार्वजनिक नळ. सूट मंजूर.'

तेही मी वाचलं. तेवढ्याच मोठ्याने.

कोणी हसलं नाही. ग्रामसेवकाने हात पुढे करून रजिस्टर मिटलं.

"भाईर काढा हिला," सरपंच म्हणाला.

"मीच जाते," मी म्हणाले. "बा, उठ."

बा उठला. पण घरी येईपर्यंत माझ्यापुढे चार पावलं चालत राहिला.

मी दुसरा अर्ज लिहिला. त्यात माफी हा शब्द कुठेच नव्हता. टाकी कोणी बांधली, चर कोणी खणला, नळ किती आणि कुठे, हे लिहिलं. खाली लिहिलं, आकारणी चुकीची आहे, ती रद्द करा. वाडीतल्या बायकांनी आधी अंगठे दिले, पुरुष नंतर आले. बाने सगळ्यात शेवटी दिला. मी एसटीने पेणला गेले, तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला आणि पोच घेतली. कारकुनाने शिक्का मारला आणि म्हणाला, "बाई, हे सांभाळून ठेवा." मला बाई कोणी पहिल्यांदाच म्हटलं.

पण त्याची किंमत लगेच मोजावी लागली. रोह्याला बालवाडी शिक्षिकेच्या प्रशिक्षणात माझं नाव लागलं होतं. त्याला पंचायतीचा रहिवासी दाखला हवा होता. शिपाई खिडकीतून म्हणाला, "थकबाकीदाराला दाखला नाय." ज्या वाडीत माझी नाळ पुरली, तिथे मी राहते हे लिहून द्यायला त्यांनी नकार दिला. मी दोनदा गेले, तीनदा गेले. मुदत संपली आणि माझी जागा दुसरीला गेली. त्या दिवशी मी रडले. रागाने रडले आणि दुसऱ्या दिवशी धरमतरच्या बाजूला मिठागरावर मजुरीला गेले.

वरून चौकशी आली असावी. पावसाळा संपता संपता शिपाई पत्र घेऊन वाडीत आला. या वेळी तो अंगणाबाहेर थांबला. पत्रात लिहिलं होतं, 'वाडीतील लोकांची गरिबी व अज्ञान लक्षात घेऊन, सहानुभूती म्हणून, चालू वर्षाची पाणीपट्टी माफ करण्यात येत आहे.' खाली माझ्या सहीची जागा. सही केली की भांडी परत.

सगळी वाडी जमली. मी पत्र वाचून दाखवलं. सगळ्यांचे चेहरे खुलले.

"कर सही," आय म्हणाली. "किती दिवस डब्यांनी पानी भरू?"

"आय, यात आपल्याला अडाणी म्हटलंय. आणि फक्त या वर्षाचं माफ केलंय. पुढल्या वर्षी परत बसवतील, परत हात जोडायला लावतील."

"जोडू की. झिजतात काय हात?"

 लहान डब्यांच्या फेऱ्यांनी तिची मान दुखत होती हे मला दिसत होतं. सही केली असती तर त्याच दिवशी तिचं दुखणं हलकं झालं असतं. हे कळत असूनही मी सही केली नाही. पत्राखाली लिहिलं, 'आम्ही काही चुकलेलो नाही. माफी स्वीकारत नाही. आकारणी रद्द करा, टाकीवरची पाटी काढा आणि ज्याच्या घरात नळ आहेत त्याच्याकडून पट्टी घ्या.' पत्र शिपायाच्या हातात परत दिलं.

वाडीतले चारजण माझ्यावर ओरडले. एका म्हाताऱ्याने शिवी दिली.  बा पहार घेऊन टाकीकडे गेला. पाटी भिंतीत सिमेंटने बसवलेली होती. त्याने पहिला घाव घातला, तशी मी दुसऱ्या बाजूने पाटीचा दगड धरला.

हंडे अजून पंचायतीतच आहेत, वर पंचायतीने आमच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. करू दे. मी जबाबात जे केलं ते केलं म्हणून सांगितलं आणि जबाब वाचल्याशिवाय सही दिली नाही. पंचायतीच्या येत्या निवडणुकीत वाडीच्या प्रभागाची एक जागा आहे. मी अर्ज भरणार आहे. निवडून आले तर त्या खुर्चीत मीच बसेन, आणि पहिल्या बैठकीत ते रजिस्टर पहिल्या पानापासून मोठ्याने वाचेन. पडले तर बाहेर उभी राहून त्यांना वाचायला लावेन.