ओढून उठवायचं नाही

माझ्या छातीचं हाड एकदा नाही, दोनदा बंद केलेलं आहे. बायपासच्या वेळी डॉक्टरांनी ते मधोमध कापलं, हृदयाचं काम उरकलं आणि दोन्ही भाग जवळ आणून पोलादी तारांनी आवळले. आमच्या रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या कारखान्यांत दिवसरात्र लोखंड निघतं, त्यातलं चिमूटभर माझ्याही वाट्याला आलं. घरी सोडताना डॉक्टरांनी सगळ्यांसमोर बजावलं, तारा हाडाला फक्त धरून ठेवतात, जुळायचं काम हाडाचंच. ते जुळेपर्यंत हातांवर भार द्यायचा नाही, कोणी हात धरून ओढायचं नाही, खोकला आला की उशी छातीशी कवटाळायची. हाड जुळलं नाही तर छाती पुन्हा उघडावी लागेल.

मी ऐकलं. आमच्या माणसांनी ऐकलं नाही.

आमचं घर मूळचं वर्ध्याकडचं, सासऱ्यांच्या रेल्वेच्या नोकरीपायी रायपूरचं झालेलं. आमच्यात आजारी माणूस एकटं उठलं तर घरच्यांचं नाक कापलं जातं. कोणीतरी धावत यायलाच हवं, दंडाला धरायलाच हवं. माझं करायला वर्ध्याहून आलेली मोठी नणंद याच बाण्याची. सरकारी कचेरीत भल्याभल्यांना वठणीवर आणलेली मी, पण या बाईपुढे माझं काही चालेना. मी हात छातीशी बांधून, पायांवर जोर देऊन उठायला लागले की ती पोळी तव्यावर टाकून पळत येई.

"अवं, एकटी काहून उठून राहिली? मी मेली का इथं? लोकं काय म्हणतीन?" असं म्हणत ती माझे दोन्ही हात धरून मला वर खेची.

भेटायला येणारेही तसेच. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या बायका, सदर बाजारातले यांचे दुकानदार मित्र, निघताना प्रत्येकाला मला उठवून दाखवायचं असे. नको म्हटलं तर "दीदी, संकोच मत करो" म्हणून आणखी जोरात. ऐकावं जनाचं, करावं मनाचं हे खरं, पण इथे जनांनी माझे हातच धरून ठेवले होते.

एके दुपारी कूस बदलताना छातीत कट्ट झालं. वर कातडीत नाही, आत हाडात. खोल श्वास घेतला तर पुन्हा तेच. मी घाबरले. आणि घाबरले की मला राग येतो, हा माझा जुना स्वभाव.

"गॅस हाय तो," नणंद म्हणाली आणि हिंग-ओव्याचं पाणी घेऊन आली.

"ऑपरेशननंतर होतंच थोडंफार. मनाले लावून घेऊ नको," हे म्हणाले.

सून म्हणाली, "मम्मी, आप ज़्यादा सोच रही हो."

माझ्या छातीत काय वाजतंय, ते मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. मी ते पाणी मोरीत ओतलं. नणंदेला समोर बसवलं, तिचा तळवा धरून टाक्यांच्या कडेला छातीवर ठेवला.

"ताई, आता बोलू नका. नुसतं पाहा."

आणि मुद्दाम खोकले. कळ अशी आली की डोळ्यांसमोर अंधारी आली. तिच्या हाताखाली हाडाच्या दोन कडा एकमेकींना घासून सरकल्या. तिनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"अगं माय, हे तं हालून राहिलं वं!"

"गॅस असा हालते का?" मी विचारलं, आणि यांच्याकडे वळून म्हटलं, "गाडी काढा."

दवाखान्यात फोटो काढला. काही तारा तुटल्या होत्या, काहींनी हाड कापलं होतं. पुन्हा उघडून पट्ट्या आणि स्क्रू लावावे लागतील, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "कोई हाथ पकड़कर उठाता था क्या?" नणंद फरशीकडे बघत होती.

"सब उठाते थे," मी म्हटलं. "अब कोई नहीं उठाएगा."

दुसऱ्यांदा आत जाताना मला पहिल्याहून जास्त भीती वाटली, कारण आता सगळं माहीत होतं. पण परतले ती हुकूम घेऊनच. यांनी गोल बाजारातून छोटा लोड आणला होता, तो कवटाळून मी खुर्चीच्या टोकाशी सरकायची, पाय मागे घ्यायची आणि मांड्यांच्या जोरावर उठायची. यांच्या एका मित्रानं सवयीनं हात पुढे केला तर मी म्हटलं, "भैया, हाथ नीचे." नणंद दारात उभी असे. आपले दोन्ही हात तिनं पाठीमागे घट्ट धरलेले असत, आणि माझ्यासोबत तीही पुढे झुकत असे.

तिला माफ केलं होतं का? नाही. रोज ते पाठीमागे धरलेले हात दिसत होते, म्हणून तसं बोलून तेवढं दाखवत नव्हते.

हाड जुळत आल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिनं बॅग भरली. निघायच्या आधी माझ्यासमोर येऊन बसली.

"वैनी, एक डाव खोकून दाखव."

मी तिचा तळवा घेतला, त्याच जागी ठेवला आणि खोकले. काही हाललं नाही. मी पुन्हा खोकले, आणखी जोरात. तिनं हात काढला नाही, आणि मीही काढा म्हटलं नाही.