मामांच्या घरचं नेट

अकोल्याच्या जुन्या शहरात माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतका हौशी माणूस दुसरा नाही, आणि असलाच तर त्याच्या घरी इतका दांडगा कॉम्प्युटर नक्कीच नाही. मामा शाळेतून ड्रॉइंग मास्तर म्हणून निवृत्त झाले. त्या वयात लोक गुडघ्यांना तेल चोळतात. मामांनी रॅम वाढवली. आम्ही अमरावतीहून गेलो, की पाय धुवायच्या आत मला हाताला धरून कॅबिनेटपुढे उभं करतात. "जावईबापू, पाहा. नवीन ग्राफिक्स कार्ड. आता गवताची काडी न काडी दिसते." आणि खरंच दिसते हो! गेममध्ये शत्रू बंदूक घेऊन अंगावर येत असतो आणि मामा गवताचा रंग न्याहाळत असतात, म्हणून मरतात लवकर, ही गोष्ट वेगळी. पण पंखे घुमू लागले, पडदा उजळला, की माझ्याही अंगात वारं शिरतं.

ते कार्ड आलं त्या दिवशी मामांनी त्याला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. पाणी उडू नये म्हणून मामी कार्ड पदराखाली धरून बसल्या होत्या. "फ्रिज आनला तवा नाही फोडला जी नारळ," त्या म्हणाल्या. मामा म्हणाले, "फ्रिजवर पोरीसंगं खेळता येते का?"

खरी गोम ती होती. मामांची एकुलती एक लेक धारणीला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. फोनवर 'जेवली का?' 'जेवली' याच्या पुढे बापलेकीची गाडी सरकत नसे. पण रविवारी दुपारी ती तिकडून, मामा इकडून, नेटवर जोडी करून गेम खेळायला बसली, की तिच्या दवाखान्यातल्या साऱ्या गमती मामांना कळत. अडचण एकच. "बाबा, मागून" म्हणता म्हणता तिचा आवाज तुटे, आणि मागून कोण आलं ते मामांना मेल्यावर समजे.

मग मामांनी नेट मनावर घेतलं. चार अँटेनांचा राउटर आणून तो देवघरावर बसवला, कारण उंच जागा तीच. वायफायवर भरवसा नको म्हणून स्वयंपाकघरातून केबल ओढली. मामींनी पहिल्याच दिवशी तिच्यावर टॉवेल वाळत घातला. "टावेलानं नेट दबते," असं म्हणून मामांनी तो ओला टॉवेल दिवसभर स्वतःच्या खांद्यावर वागवला.

मे महिन्यात कॉम्प्युटर तापून बंद पडू लागला. मामांनी कॅबिनेटचं झाकण काढलं आणि वाळ्याच्या ताट्यांचा पाण्याचा कूलर थेट त्याच्या तोंडावर लावला. "मानसाले गार वाटते, मंग मशीनले कावून नाही वाटनार?" आम्हा सगळ्यांना ते इतकं पटलं, की कूलरमध्ये पाणी मीच ओतलं. घरभर वाळ्याचा वास सुटला. थोड्या वेळाने आतून 'चुर्र' झालं, आणि मदरबोर्ड गेला. तो रविवार बुडाला. त्या दिवशी मामा जेवले नाहीत, आणि ओशाळून मीही अर्धी भाकरी परत ठेवली.

नवा मदरबोर्ड बसला त्या रविवारी मला राहवलं नाही. "मामा, तुमचं नेट पक्कं हाये. तुटते ते धारणीकून. तिथं रेंजच नाही, तुमी इथं कितीबी सामान बदलवा."

"मले मालूम हाये," मामा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "तिच्याकून तुटलं तं तुटलं. आपल्याकून तुटाले नाही पायजे."

तेवढ्यात तिचा आवाज तुटला. गेममधली तिची बाहुली माळावर जागच्या जागी थिजली. मामा आडोशाला होते, सुखरूप होते. ते धावत उघड्यावर आले, तिला पाठ लावून बंदूक रोखून उभे राहिले. गवताकडे त्यांचं लक्षही नव्हतं. मामी पोळ्या टाकायच्या थांबून दारात आल्या होत्या.

बऱ्याच वेळाने खरखर झाली. "बाबा, हायेत का तुमी?"

"हाओ ना बाई," मामा म्हणाले. "इथंच हाओ."