आमच्या खात्यातली प्रश्नपत्रिका

खोकी बनवायच्या कारखान्यात पुठ्ठा कापणाऱ्या यंत्रावर मी एकोणीस वर्षं काढली. मुकादमाची जागा रिकामी झाली तेव्हा ती मलाच मिळणार, असं मी बायकोलाही सांगून बसलो होतो. नेमलं कोणाला, तर गोदामातल्या बाईंना. त्यांना पुठ्ठ्याची सुलटी बाजू कळत नव्हती. येता-जाता विचारायच्या, हे असंच का, ते तिथेच का. आम्ही त्यांचं नाव ठेवलं प्रश्नपत्रिका. मुकादमानेच विचारत फिरायचं, ही काय पद्धत झाली?

त्याच महिन्यात माझ्याबरोबर कामाला लागलेल्या धाकट्या भावाचं बोट त्या यंत्रात गेलं. चार वर्षांपूर्वी माझंही तिथेच गेलं होतं. तेव्हाच्या मुकादमांनी मला हलगर्जी ठरवून विषय मिटवला. आता तीन आठवड्यांची रजा संपवून भाऊ सोमवारी पुन्हा त्याच यंत्रावर उभा राहणार होता. भावजयीने माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

बाईंनी मला गाठलं. "दोघांची बोटं गेली तेव्हा किती वाजले होते?"

"सहा वाजून गेले होते. दोन्ही वेळेला."

"काय करत होता?"

"पात्याला लागलेला डिंक पुसत होतो."

"पातं चालू असताना?"

काय डोकं खाते ही बाई, असं झालं मला. म्हणालो, "पाळी सहाला सुटते. पातं बंद केलं तरी थांबायला दहा मिनिटं घेतं. कंपनीची बस सहा-दहाला सुटते. नंतर दुसरी नाही."

बाई तडक ड्रायव्हरकडे गेल्या. सहा-दहालाच का निघता? तो म्हणाला, आधीचा ड्रायव्हर तसाच निघायचा. सहा-पंचवीस चालेल? तो म्हणाला, न चालायला काय झालं.

संपलं. माझा नुसता जळफळाट झाला. "यात काय मोठंसं," मी बाईंना म्हणालो, "हे मलाही माहीत होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"कोणी विचारलं नाही."

"भावानेही नाही?"

त्याने विचारलं होतं. कामाला लागल्यावर अगदी पहिल्याच आठवड्यात. दादा, चालू पातं पुसायची भीती वाटते, थांबवून पुसलं तर? मी म्हणालो होतो, फार प्रश्न पडत असतील तर घरी बस.

बाईंना मी नाही म्हणून सांगितलं.

सोमवारी सहाला बटण बंद करून आम्ही दोघं पात्याशी उभे राहिलो. दहा मिनिटं सरता सरत नाहीत. तो फडकं घेऊन पात्याकडे बघत होता. शेवटी मीच विचारलं, हात दुखतो का रे? तीन आठवड्यांत मी हे पहिल्यांदा विचारत होतो.

तो म्हणाला, "हो."