आप्पांनी राखून ठेवलेलं औषध

कंपाउंडरभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी कोनाड्याकडे बघत. तिथे औषधाची जुनी बाटली दिसली, की चहा येईपर्यंत ती अंगणात रिकामी झालेली असे. हसनाबादच्या दवाखान्यात मिक्श्चर तेच बनवत. "पाण्यातलं औषध हाये, सोनं न्हाई जपून ठेवायला," म्हणत. बायका हळहळत, भाऊ बिलकुल ऐकत नसत.

सत्तरच्या दशकात मी तिथे शिक्षिका होते. शेजारच्या गयामावशींचे यजमान, आप्पा, हिवाळ्यात खोकल्याच्या दुखण्याने गेले. पुढच्या पावसाळ्यात त्यांचा नातू बबन खोकू लागला. मी बघायला गेले, तर मावशी फळीमागून एक बाटली काढून हलवत होत्या. औषधावर पांढरी साय धरलेली. मी त्यांना थांबवलं आणि भाऊंना बोलावून आणलं.

भाऊंनी बूच काढून वास घेतला. "मावशी, हे पोराला द्यायचं न्हाई. फेकून द्या."

मावशींनी बाटली हिसकून पदराखाली धरली. "न्हाई फेकणार! आप्पानं बबनसाठी ठिवलीय. म्हणले, मी आता जगून राह्यलो का? पोराला व्हईल. अर्धी पेलेच न्हाईत."

भाऊ हातात राहिलेल्या बुचाकडे बघत म्हणाले, "मी रोज इचारायचो त्यांना. 'बराबर घेतो' म्हणायचे."

बबन खोकतच होता. भाऊ तसेच चिखलातून दवाखान्यात गेले, डॉक्टरांना विचारून ताजं मिक्श्चर बनवून घेऊन आले. बबनला मांडीवर घेऊन म्हणाले, "पी राजा. आप्पानं पाठवलंय."

मग मावशी उठल्या आणि त्यांनी ती बाटली स्वतःच्या हातांनी मोरीत ओतली.

बबन बरा झाला. भाऊ मात्र त्यानंतर प्रत्येक म्हाताऱ्याला औषध देताना विचारू लागले, "घरात कोणासाठी राखून तर ठेवून न्हाई राह्यले? मंग त्याला बी घेऊन या. त्याचं येगळं बनवतो."

म्हातारपणी ते लेकाकडे जालन्याला गेले आणि तिथेच वारले. ते गयामावशींच्या नात्यातले ना जातीतले. पण एसटीने निरोप आला, त्या दिवशी मावशींनी चूल पेटवली नाही.