दोन निळी

भुईगावच्या नाक्यावरचा श्रीपत न्हावी सव्वीस वर्षांत एकदाच हातात वस्तरा असताना घाबरला. अठ्ठ्याहत्तर सालचा तो शनिवार. दुकानाच्या दारात बागायतदार फर्डिनंड उभा होता, तोंडाला पंचा गुंडाळून.

"काय झालं भाऊ? दाढ दुखते?"

फर्डिनंडने पंचा सोडला. दाढी हिरवी झाली होती, शेवाळलेल्या विहिरीच्या काठासारखी.

खुर्चीतला काशीराम तोंडावरच्या साबणासकट हसला. "भाऊ, केळीचं पान चिकटलंय की काय?"

श्रीपतला मात्र हसू येईना. दाढी त्यानेच रंगवायला घेतली होती. फर्डिनंडची बायको जुलियाना वर्षभर अंथरुणाला खिळली, तेव्हा फर्डिनंड मरियामातेला नवस बोलला होता : ही बरी होऊन माझ्यासोबत मिस्साला येईल, तोवर दाढीला वस्तरा लागणार नाही. ती बरी झाली. उद्या रविवारी दोघं चर्चमध्ये जायची होती. पण दाढी पाहून तीच म्हणाली, "शेजारी उभे राहिलात तर लोक विचारतील, जुलियानाचा बाप का?" म्हणून काल श्रीपतने मेंदी लावली. पांढऱ्या केसांवर ती गाजरासारखी उठली. "घाबरू नका. उद्या वर नीळ चढवली की तपकिरी होते," असं तो म्हणाला, आणि नीळ आणायला सकाळीच सोपाऱ्याच्या अत्तरवाल्याकडे जाऊन आला.

"तू कशाला तिथवर जातोस, म्हणून मीच लावली," फर्डिनंड रडवेला झाला. "आता भादरता येत नाही, आणि अशी घेऊन मिस्साला जाता येत नाही. काय तोंड दाखवू तिला?"

केसांना लावायची नीळ झाडाच्या पाल्याची; ती अर्धवट चढली की हिरवा रंग केसांत मुरतो. मग पुन्हा मेंदी लावून तास न् तास बसावं लागतं. तेवढ्यात त्याचं लक्ष फर्डिनंडच्या कॉलरकडे गेलं. त्यावर निळी भुकटी होती.

"भाऊ, नीळ आणली कुठून?"

"आणायची कशाला? घरात होती. जुलियाना सदऱ्यांना लावते ती."

श्रीपत मटकन स्टुलावर बसला आणि हसत सुटला. "अहो, ती कपड्यांची! ती केसांत शिरत नाही, नुसती वर बसते. वाचलो!"

त्याने खोबरेल कोमट करून दाढीत चोळलं, साबण लावला, धुतलं. तीनदा. तिसऱ्या तांब्याला पाणी स्वच्छ आलं. खाली मेंदी होती, कालच्यापेक्षा गडद, तांब्यासारखी. मग चिनीमातीच्या वाडग्यात त्याने पाल्याची नीळ नुसत्या कोमट पाण्यात कालवली आणि मुळापासून थापली. तासाने धुताना बजावलं, "आता थोडी हिरवट दिसेल. हात लावू नका, काही चोळू नका. रात्रभर हवा लागू द्या."

"परत हिरवी?"

"भाऊ, एवढं ऐका."

श्रीपतची झोप मात्र उडाली. सकाळी तो दुकानाबाहेरच उभा राहिला. चर्चच्या रस्त्याने जुलियाना सावकाश चालत येत होती, फर्डिनंडचा दंड धरून. त्याची दाढी भाजलेल्या काजूसारखी तपकिरी झाली होती. श्रीपतने मोठा श्वास सोडला.

मिस्सा आटोपल्यावर फर्डिनंड थेट खुर्चीत येऊन बसला. "नवस फिटला. काढ आता."

"हात लावून तर बघ, श्रीपत!" दारातून जुलियाना ओरडली. "आत्ता कुठे माणसात आलेत!"

श्रीपतने वस्तरा मिटला. त्यानंतर कुणाच्याही दाढीला मेंदी लावली, की तो आधी विचारायचा, "घरी कपड्यांची नीळ आहे? असली तर लपवून ठेवा."