कापसाच्या खोलीतल्या दोन रेकॉर्डी

नातवंडं मला मुद्दाम डिवचतात, "आजी, रॉकची लाइव्ह रेकॉर्ड भारी की स्टुडिओतली?" माझं उत्तर ठरलेलं. स्टुडिओतली. मग ती वाद घालतात आणि मी त्यांना बोलू देत नाही. आमच्या कापसाच्या खोलीत ती दुपार मी काढली, त्यांनी नाही.

साठचं दशक संपत आलं होतं. आमचं गाव तापीकाठी, लोणखेड्याच्या बरंच पुढे. भाऊ बडोद्याला शिकत होता. त्याच्या सोबत्याचे काका आफ्रिकेत होते. त्यांच्याकडून आलेल्या दोन इंग्रजी रेकॉर्डी आणि सेलवर चालणारं, पेटीसारखं मिटणारं प्लेअर भावाने सुटीत आणलं आणि जाताना माझ्या हवाली केलं. रेकॉर्डी एकाच चमूच्या. एक स्टुडिओत बसून केलेली, दुसरी हजारो लोकांसमोर वाजवलेली. शब्द मला ओ की ठो कळत नव्हते, पण ढोल बडवणारा असा काही हाणायचा की माझे पाय जागेवर राहायचे नाहीत.

ऐकायचं कुठे, हीच पंचाईत. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कळलं असतं तर प्लेअर विहिरीत गेलं असतं आणि माझं लग्न त्याच महिन्यात उरकलं असतं. ते नुसते खाकरले तरी मी हातातलं काम टाकून आत पळायचे. शेवटी वहिनीने जागा काढली. आमच्याकडे वेचणी झाली की सरकी काढायला जिनिंगला जाईपर्यंत कापूस घरातच, मागच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवत. तिथे दिवा न्यायचा नाही, बिडी पेटवायची नाही, अशी सक्त ताकीद, त्यामुळे तिकडे कोणी फिरकत नसे. दुपारी वहिनी मला आत सोडायची, कोणाला संशय नको म्हणून बाहेरून कडी घालायची आणि धुणं घेऊन नदीवर जायची. परत आली की कडी काढायची. मी आत आहे हे तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नसायचं.

कापसात आवाज घुमत नाही. स्टुडिओवाल्या रेकॉर्डवर एक संथ गाणं होतं, नुसती गिटार आणि एकटा माणूस. त्या खोलीत तारेवरून सरकणारं बोटसुद्धा ऐकू यायचं. तेच गाणं लाइव्हमध्ये धावत सुटतं. गाणारा दमलेला, सूर कुठल्या कुठे, गिटार मध्येच किंचाळते. तरी खरं सांगते, तेव्हा मला लाइव्हच आवडायची, आणि ती त्या पोरींपायी. गाणं संपलं की माझ्याच वयाच्या असतील अशा शेकडो पोरी जीव खाऊन ओरडायच्या. आमच्या घरी मी म्हशीला जरा मोठ्याने हाक मारली तरी आबांच्या कपाळाला आठ्या. मी कापसात तोंड खुपसून त्यांच्याबरोबर ओरडून घ्यायचे.

त्या दुपारी तेच चाललं होतं. बाजू संपत आली, लोकांचा कल्लोळ टिपेला पोचला. रेकॉर्ड उलटायची म्हणून मी सुई उचलली, तर ओरडणं थांबेना.

मी सुईकडे बघितलं, ती हातात होती. रेकॉर्डही थांबली होती. बायका मात्र किंचाळतच होत्या. मग कळलं की हे बाहेरून येतंय, आणि पाठोपाठ जळक्या कडब्याचा वास आला.

कापसावर चढून मी वरच्या झरोक्यातून बघितलं. शेजारच्या खळ्यातली कडब्याची गंजी पेटली होती आणि वारा आमच्याकडे होता. ठिणग्या आमच्या कौलांवर पडत होत्या. एक ठिणगी फटीतून आत आली असती तर माझी राखही वेगळी करता आली नसती. मी दाराशी गेले, धक्के दिले, दोन्ही मुठींनी दार बडवलं. पुन्हा झरोक्याच्या गजांना धरून "आबा, आबा" म्हणून घसा फोडला. सारा गाव ओरडत होता, त्यात माझं ओरडणं कोणाला वेगळं कळणार? धूर आत येऊ लागला. मला त्या वेळी आबांचं भय उरलं नव्हतं. मरणाचं होतं.

मग कसं सुचलं देव जाणे. मी प्लेअर झरोक्यात ठेवलं, आवाज होता तेवढा मोठा केला. लाइव्ह लावून काय उपयोग, ओरड्यात आणखी ओरडा. मी ते संथ गाणं लावलं. त्या आकांतात एकटी गिटार वाजू लागली. मला तर ती ऐकूच येईना, खोकल्याने जीव घुसमटला होता.

कडी निघाली ती आबांच्या हाताने. "मन्ही पोर मझार शे," पोर आत आहे असं कोणाला तरी सांगत ते आत घुसले आणि त्यांनी मला दंडाला धरून ओढत अंगणात आणलं. आग विझवायला उचललेली त्यांची घागर वाटेतच पडली होती. घर वाचलं, कापूसही वाचला. नदीवरून धूर बघून वहिनी ऊर फुटेस्तोवर पळत आली आणि मला बघून मटकन खाली बसली.

संध्याकाळी आबांनी हाक मारली. ते खोलीमागच्या भिंतीला लागून असलेल्या आपल्या खाटेवर बसले होते. दुपारी ते तिथेच पडायचे आणि आम्हाला वाटायचं, झोपलेत. मी आत आहे हे त्यांना कसं कळलं, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं.

"ती हळू वाजस ती बरी शे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "दुसरी नको लावू. तिन्हामा लोके भलता वरडतस."

लाइव्ह रेकॉर्ड मी फेकली नाही. नातवंडांच्या हट्टापायी कधीतरी लावते. बाजू संपते, पोरी ओरडू लागतात, मी सुई उचलते आणि दाराकडे कान लावून उभी राहते. बाहेर कोणी ओरडत नाही याची खात्री झाली की मगच खाली बसते.