दोरीमामांनी निवडलेली एजन्सी

थिएटरचा पडदा ओढणाऱ्या माणसाला सगळे दोरीमामा म्हणायचे. खरं नाव थिएटरच्या सेक्रेटरींना फक्त पगाराच्या दिवशी आठवायचं. उभं आयुष्य या माणसाने विंगेतल्या अंधारात काढलं. पडदा मोटरवर चालायला लागला तरी मामांची दोरी सुटली नाही, कारण मोटर ऐन वेळी दगा द्यायची आणि मामा द्यायचे नाहीत. आपल्यापेक्षा त्या दोरीशीच यांचा संसार जास्त झाला, असं मामी कुणालाही ऐकवायच्या.

पुढे थिएटरला उतरती कळा लागली. खुर्च्या फाटल्या, छत गळायला लागलं आणि मालकांनी ती जागा गोदामाला द्यायचं ठरवलं. सेक्रेटरींनी हातापाया पडून एक संधी मागून घेतली. एका मोठ्या गायिकेचा कार्यक्रम ठेवायचा, तो रंगला तर थिएटर राहील, नाही तर टाळं. गायिकेला सगळे ताई म्हणत. त्यांना आणायचं तर एखाद्या एजन्सीमार्फत, आणि त्यातली खरी कुठली, भुरटी कुठली, हे सेक्रेटरींना काय डोंबल कळणार! इतके मॅनेजर तुम्ही जवळून पाहिलेत, तुम्हीच निवडा, असं त्यांनी मामांना सांगितलं. मामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दोन एजन्सीवाले जागा बघायला आले. आधी एक बाई आल्या. पायात उंच टाचा, कानाला फोन, आणि स्टेजवर पसरलेल्या वायरींवर खुशाल पाय देत चालल्या. ताईंना विचारल्याशिवाय तारीख देणार नाही, त्यांच्या सहीचं पत्र येईपर्यंत पैशाला हात लावणार नाही, थोडे दिवस थांबावं लागेल, एवढं सांगून चहासुद्धा न घेता निघून गेल्या. वायरीवर पाय देणारं माणूस स्टेजचं नव्हे, मामांच्या मनातून त्या तिथेच उतरल्या.

दुसरा आला तो वायरी ओलांडून चालला. ग्रीनरूममध्ये जाऊन त्याने आरशावरचे दिवे लावून पाहिले, संडासाची कडी लागते का ते पाहिलं, पंख्याचा आवाज ऐकला. परत येताना वाटेत पडलेली माइकची वायर उचलली, एक वेढा सुलटा, एक उलटा अशी पीळ न पडू देता गुंडाळली आणि खुंटीला लावली. झालं! मामांचा जीव जडला.

"हा आपल्यातला आहे," मामा सेक्रेटरींना म्हणाले. "आपल्यातला माणूस स्टेजला फसवत नाही."

अहो मामा, वायर गुंडाळता येण्याचा आणि शब्द पाळण्याचा काय संबंध? पण पडद्यामागच्या माणसांना माणूस पारखायचा दुसरा मार्ग माहीतच नसतो, त्याला कोण काय करणार. त्या गृहस्थाने उभ्या उभ्या तारीख दिली, सगळे पैसे आधीच घेतले आणि जाताना मामांच्या पायाही पडला. बाईंना नकार कळवला गेला. निदान ताईंच्या घरी फोन करून खात्री करा, असं मामींनी सुचवून पाहिलं. मामांनी ते उडवून लावलं. कलाकाराशी आपण होऊन बोलायचं नाही, जे काय असेल ते त्याच्या मॅनेजरशी, हा नियम त्यांच्या हाडीमासी खिळला होता.

कार्यक्रमाच्या दिवशी थिएटर गच्च भरलं आणि एजन्सीवाल्याचा फोन दुपारपासून बंद. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग शिट्ट्या, मग खुर्च्या आपटायला सुरुवात केली. घामाने निथळणारे सेक्रेटरी विंगेत येऊन म्हणाले, पडदा उघडा, मी माफी मागतो. मामांचे हात चालेनात. मागे कुणी उभं नसताना त्यांनी पडदा कधी उघडलाच नव्हता. शेवटी उघडला. समोरून ज्या शिव्या आल्या त्या सेक्रेटरींना होत्या, पण विंगेत उभ्या असलेल्या मामांना एकेक लागत होती. त्या दिवशी त्यांना मरण आलं असतं तरी चाललं असतं.

आठवड्याच्या आत गोदामवाले खुर्च्यांचे नटबोल्ट काढायला लागले. सेक्रेटरी पोलीस ठाण्यात खेटे घालत होते. मामा आपलं सामान न्यायला आले होते, तेवढ्यात ऑफिसातला फोन वाजला. उचलायला दुसरं कुणी नव्हतं.

पलीकडे खुद्द ताई होत्या. लोक फोन करून त्यांना दूषणं देत होते. मामांनी अडखळत, माफी मागत, एजन्सीवाल्याने कसं फसवलं ते सगळं सांगितलं.

"पण त्या दुसऱ्या एजन्सीच्या बाई माझ्याकडे आल्या होत्या," ताई म्हणाल्या. "तुमचं थिएटर बंद होतंय म्हणाल्या. मी एक पैसा घेणार नाही, येते, असं सांगितलं होतं. पत्रावर सही केली. दुसऱ्या दिवशी तुमचा नकार आला. त्यांना नको का म्हणालात हो?"

मामांना कारण माहीत होतं, पण ते ओठांवर आणायची लाज वाटली. पायाखाली आलेली फोनची वायर त्यांनी पाय उचलून बाजूला केली आणि पलीकडून ताई हॅलो, हॅलो म्हणत राहिल्या.